एकच माणूस बावीस वर्षं गव्हर्नर कसा राहतो? आयोवाच्या टेरी ब्रॅन्स्टॅड यांची गोष्ट

ट्रम्प तिसऱ्यांदा उभे राहणार का, ही चर्चा अधूनमधून डोकं वर काढते आणि दरवेळी जाणकार एकच उत्तर देतात: राज्यघटनेत ते बसत नाही. १९५१ साली लागू झालेल्या बाविसाव्या दुरुस्तीमुळे कुणालाही दोनपेक्षा जास्त वेळा अध्यक्ष म्हणून निवडून येता येत नाही. मग याच अमेरिकेत टेरी ब्रॅन्स्टॅड नावाचे गृहस्थ एका राज्याचे गव्हर्नर म्हणून सहा वेळा कसे निवडून आले? १९८३ ते १९९९ सलग सोळा वर्षं, मग बारा वर्षांचा खंड, आणि २०११ ते २०१७ पुन्हा तीच खुर्ची. १४ डिसेंबर २०१५ रोजी त्यांनी न्यूयॉर्कच्या जॉर्ज क्लिंटन यांचा विक्रम मोडला. हे क्लिंटन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातले, म्हणजे विक्रम दोनशे वर्षांहून जुना होता. अमेरिकेच्या इतिहासात ब्रॅन्स्टॅड यांच्याइतका काळ गव्हर्नर राहिलेलं कुणीच नाही.

गंमत म्हणजे अमेरिकेबाहेर हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. भाषणांनी सभा गाजवणारा हा माणूस नव्हे. मिशी, चष्मा, साधा सूट आणि वर्षभरात राज्यातल्या सगळ्या ९९ काउंट्यांना भेट देण्याचा हट्ट, अशी त्यांची ओळख. त्यामुळेच त्यांच्याकडे बघावंसं वाटतं. करिष्मा बाजूला काढला की सत्ता खरी कशावर टिकते, ते इथे स्वच्छ दिसतं.

### गव्हर्नर म्हणजे राज्यपाल नव्हे

आपल्याकडचे राज्यपाल केंद्राकडून नेमले जातात. अमेरिकेतला गव्हर्नर लोक थेट मतदानाने निवडतात आणि राज्याचा कारभार तोच चालवतो. शाळा, रस्ते, तुरुंग, राज्याची विद्यापीठं, गरिबांची आरोग्य योजना हे सगळं त्याच्या हाताखाली येतं. म्हणजे तुलना करायचीच तर मुख्यमंत्र्यांशी करावी.

पण एक फरक मोठा आहे. आपल्या मुख्यमंत्र्यांना बहुमत सांभाळावं लागतं. आमदार फुटले की सरकार कोसळतं. गव्हर्नरला ती भीती नाही. विधिमंडळ पूर्णपणे विरोधी पक्षाकडे गेलं तरी तो आपली मुदत पुरी करतो. ब्रॅन्स्टॅड रिपब्लिकन पक्षाचे, आणि त्यांच्या पहिल्या दहा वर्षांत आयोवाच्या दोन्ही सभागृहांत बहुमत होतं डेमोक्रॅटांचं. आपल्याकडे असं सरकार आठवडाभरही टिकलं नसतं.

### मग मुदतीची मर्यादा का नाही?

बाविसावी दुरुस्ती फक्त अध्यक्षांना लागू आहे. राज्यांच्या आपापल्या स्वतंत्र राज्यघटना आहेत आणि गव्हर्नरने किती काळ राहावं हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. व्हर्जिनियात लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नाही. अलाबामात एकेकाळी असाच नियम होता, तेव्हा जॉर्ज वॉलेस यांनी १९६६ साली आपल्या पत्नीला, लर्लीन वॉलेस यांना, उभं केलं आणि त्या निवडूनही आल्या. ही युक्ती आपल्या वाचकांना अजिबात परकी वाटणार नाही.

आयोवाने अशी मर्यादा कधी घातलीच नाही. उलट मुदत वाढवली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे दर दोन वर्षांनी गव्हर्नरची निवडणूक व्हायची, १९७४ पासून ती चार वर्षांनी होऊ लागली. ब्रॅन्स्टॅड यांच्या आधी रॉबर्ट रे चौदा वर्षं गव्हर्नर होते. त्यामुळे १९६९ ते १९९९ या तीस वर्षांत आयोवाने दोनच गव्हर्नर पाहिले. म्हणजे विक्रम ब्रॅन्स्टॅड यांचा असला, तरी गव्हर्नर फार न बदलण्याची सवय त्या राज्याला आधीच लागलेली होती.

आपण अमेरिकेला नावं ठेवण्याआधी हेही बघावं की आपल्या घटनेत मुख्यमंत्र्यांनाही मुदतीचं बंधन नाही. वसंतराव नाईक महाराष्ट्राचे अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री होते आणि ज्योती बसू पश्चिम बंगालचे तेवीस वर्षं.

### शेतकऱ्याचा मुलगा, छत्तिसाव्या वर्षी गव्हर्नर

१७ नोव्हेंबर १९४६ रोजी उत्तर आयोवातल्या लेलंड या चिमुकल्या गावी त्यांचा जन्म झाला. वडील नॉर्वेजियन वंशाचे शेतकरी, आई ज्यू घराण्यातली. पुढे स्वतः ब्रॅन्स्टॅड कॅथलिक झाले. आयोवा विद्यापीठाची पदवी घेतली, दोन वर्षं लष्करात पोलिसाचं काम केलं. १९७३ साली आमदार झाले तेव्हा कायद्याचं शिक्षण पुरं व्हायचं होतं, ते १९७४ साली पूर्ण केलं. १९७९ मध्ये रे यांचे उपगव्हर्नर झाले. १९८२ साली रे बाजूला झाल्यावर गव्हर्नरपदाला उभे राहिले, समोर डेमोक्रॅट रॉक्सॅन कॉनलिन. त्या चांगल्या सधन होत्या, पण कायदेशीर सवलतींमुळे त्यांना आदल्या वर्षी राज्याचा आयकर एक डॉलरही भरावा लागला नव्हता, हे प्रचारात उघड झालं. बेकायदा काहीच नव्हतं, तरी व्हायचं ते नुकसान झालं. ब्रॅन्स्टॅड निवडून आले आणि आयोवाचे सगळ्यात तरुण गव्हर्नर ठरले.

### आल्या आल्या शेतीचं संकट

आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरं. मक्याच्या उत्पादनात ते अमेरिकेतलं अग्रगण्य राज्य. हरितक्रांतीचे नॉर्मन बोरलॉग मूळचे इथलेच आणि त्यांनी सुरू केलेला जागतिक अन्न पुरस्कार राजधानी डे मॉइनमधून दिला जातो. १९९८ साली तो जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला, तेव्हा आयोवाचे गव्हर्नर ब्रॅन्स्टॅडच होते.

ते सत्तेवर आले तेव्हा मात्र तिथला शेतकरी बुडत होता. १९७० च्या दशकात निर्यात तेजीत होती, जमिनीचे भाव चढत होते आणि बँका जमीन तारण ठेवून हवं तेवढं कर्ज देत होत्या. मग महागाई आटोक्यात आणण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, पॉल व्होल्कर यांच्या काळात, व्याजदर प्रचंड वाढवले. १९८० साली सोव्हिएत रशियाला धान्य विकायलाही बंदी आली. आयोवातल्या जमिनीचा सरासरी भाव १९८१ साली एकरी २,१४७ डॉलर होता, १९८६ पर्यंत तो ७८७ वर आला.

याचा अर्थ काय होतो ते बघा. समजा एकाची २०० एकर जमीन आहे. १९८१ साली तिची किंमत सव्वाचार लाख डॉलरांच्या वर भरते, म्हणून बँक त्याला बिनदिक्कत दोन लाख कर्ज देते. पाच वर्षांनी तीच जमीन दीड लाखाच्या आसपास येते. माणूस तोच, माती तीच, पीकही कदाचित तेवढंच. पण कर्ज आता तारणापेक्षा मोठं झालंय आणि बँक दारात उभी आहे. विकून मोकळं व्हावं तर सगळं विकूनही देणं उरतं. डिसेंबर १९८५ मध्ये हिल्स या गावी एका कर्जबाजारी शेतकऱ्याने बँकेच्या अध्यक्षाला, स्वतःच्या पत्नीला आणि एका शेजाऱ्याला गोळ्या घातल्या आणि मग स्वतःचा जीव घेतला. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला या गणिताचा शेवट वेगळा समजावून सांगायला नको.

व्याजदर किंवा निर्यातबंदी गव्हर्नरच्या हातात नसते. ब्रॅन्स्टॅड यांच्या हातात होता तो महामंदीच्या काळातला एक जुना कायदा. १९८५ च्या ऑक्टोबरात त्यांनी राज्यात आर्थिक आणीबाणी जाहीर केली. त्यामुळे शेतकऱ्याला कोर्टात जाऊन जमिनीची जप्ती वर्षभर पुढे ढकलून मागता येऊ लागली. कर्ज माफ झालं नाही, फक्त श्वास घ्यायला वेळ मिळाला. बँकांचा अशा स्थगितीवरचा आक्षेप जगभर एकच असतो: वसुली अडवलीत तर नवं कर्ज कोण देणार? तो अगदीच खोटा नाही, म्हणूनच माफीऐवजी स्थगितीचा मधला रस्ता निघाला असावा.

पुढच्याच वर्षी निवडणूक होती. विरोधी उमेदवार लोवेल जंकिन्स यांनी विकासासाठी राज्याने ४० कोटी डॉलर कर्ज उभारावं, अशी योजना मांडली. कर्जाने होरपळलेल्या राज्यात कर्जाची योजना! ब्रॅन्स्टॅड यांना याहून सोपी लढत मागूनही मिळाली नसती. तरीही ते फार मोठ्या फरकाने जिंकले नाहीत, यावरून लोकांची नाराजी किती खोल होती ते कळतं.

तिजोरी रिकामी होती तेव्हा त्यांची तत्त्वंही वाकली. राज्याची लॉटरी सुरू करण्याचं विधेयक त्यांनी आधी दोनदा फेटाळलं, १९८५ साली त्यावर सही केली. १९८९ साली नदीतल्या बोटींवर जुगाराला परवानगी दिली. एका डावावर पाच डॉलरची आणि एका फेरीत दोनशे डॉलर हरण्याची मर्यादा होती, ती काही वर्षांतच उठली. करवाढीला विरोध हा त्यांच्या पक्षाचा मंत्र, पण विक्रीकर १९८३ साली तीनवरून चार टक्के आणि १९९२ साली पाच टक्के झाला तो त्यांच्याच सहीने. कुणी याला लवचिकपणा म्हणेल, कुणी कोलांटउडी. माझ्या मते दोन्ही खरं आहे, आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या नेत्यांमध्ये ते बहुतेकदा एकत्रच सापडतं.

### सत्तेचं पहिलं हत्यार: लाल पेन

गव्हर्नरला विधेयक नाकारता येतं, त्याला व्हेटो म्हणतात. आयोवासह बऱ्याच राज्यांत त्याहून बारीक हत्यार आहे: अर्थसंकल्पी विधेयकातली एखादीच बाब खोडायची आणि बाकीच्यावर सही करायची. अध्यक्षांनाही हा अधिकार नाही.

ब्रॅन्स्टॅड यांनी हे पेन भरपूर चालवलं. २०११ साली राज्याची नोकरी-मदत केंद्रं बंद करून ते काम संगणकावर हलवायचं त्यांनी ठरवलं. विधिमंडळाने पैसे मंजूर करताना अट घातली की केंद्रं बंद करायची नाहीत. त्यांनी अट खोडली आणि पैसे ठेवले. म्हणजे सोसायटीच्या सभेने सेक्रेटरीला सांगावं, हे पन्नास हजार फक्त लिफ्टसाठी, आणि सेक्रेटरीने 'फक्त लिफ्टसाठी' एवढंच खोडून चेक खिशात घालावा. कर्मचारी संघटनेचे नेते आणि काही आमदार कोर्टात गेले. २०१२ साली आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने गव्हर्नरांच्या विरोधात निकाल दिला: अट नको असेल तर तिला जोडलेले पैसेही नाकारा, नुसती अट खोडता येणार नाही.

म्हणजे लगाम होता. पण निकाल येईपर्यंत बरीच केंद्रं बंद होऊन गेली होती. २०१५ साली राज्याच्या चार मनोरुग्णालयांपैकी दोन, क्लॅरिंडा आणि माउंट प्लेझंट इथली, त्यांनी बंद केली. विधिमंडळाने त्यांच्यासाठी दिलेला निधीही याच पेनाने खोडला.

### दुसरं, जास्त मुरणारं हत्यार: नेमणुका

व्हेटोची बातमी होते, नेमणुकांची होत नाही. पण वर्षं उलटतात तशी खरी ताकद साठते ती नेमणुकांतच. विद्यापीठांचं नियामक मंडळ, निरनिराळे आयोग, खात्यांचे प्रमुख आणि न्यायाधीश. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयासाठी एक समिती तीन नावं सुचवते, त्यांतून गव्हर्नर एकाला नेमतो. चार वर्षांच्या गव्हर्नरला फार जागा भरायला मिळत नाहीत. बावीस वर्षांत मात्र जवळपास प्रत्येक खुर्ची एकदा तरी रिकामी होतेच.

कधी संधी एकदम चालून येते. २००९ साली आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. त्या रागात नोव्हेंबर २०१० मध्ये, न्यायमूर्तींना पदावर ठेवायचं की नाही याच्या मतदानात, मतदारांनी तिघांना हटवलं. त्याच दिवशी ब्रॅन्स्टॅड पुन्हा निवडून आले होते. सात जणांच्या न्यायालयात तीन जागा त्यांनी आल्या आल्या भरल्या. नोकरी-मदत केंद्रांच्या खटल्यात निकाल त्यांच्याविरुद्ध लागला तो या नेमणुकांनंतरच, हेही विसरू नये.

या अधिकाराची दुसरी बाजू ख्रिस गॉडफ्री यांच्या प्रकरणात दिसली. आधीच्या सरकारने नेमलेले ते कामगार नुकसानभरपाई आयुक्त, मुदत २०१५ पर्यंतची. ब्रॅन्स्टॅड यांनी राजीनामा मागितला, त्यांनी दिला नाही. मग त्यांचा पगार सुमारे १ लाख १२ हजार डॉलरवरून थेट ७३ हजारांवर आणला. आपण समलिंगी आहोत म्हणून हा भेदभाव झाला, असा दावा त्यांनी केला; ब्रॅन्स्टॅड यांनी तो नाकारला. २०१९ साली ज्यूरीने गॉडफ्री यांना १५ लाख डॉलर द्यायला सांगितले, पण २०२१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

### बारा वर्षांनी परत कुणी येतं का?

१९९९ साली ते स्वतःहून बाजूला झाले आणि पुढे डे मॉइनमधल्या एका वैद्यकीय विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. २००९ पर्यंत डेमोक्रॅट गव्हर्नर चेट कल्व्हर लोकांच्या मनातून उतरले होते, राज्य मंदीत होतं. चौसष्टीला टेकलेले ब्रॅन्स्टॅड जुन्या ओळखीच्या जोरावर परतले आणि आरामात जिंकले.

हे दुसरं पर्व पहिल्यापेक्षा बरंच कडक होतं. १ एप्रिल २०१६ पासून गरिबांच्या आरोग्य योजनेचा कारभार त्यांनी तीन खाजगी कंपन्यांकडे सोपवला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारी कर्मचारी संघटनांचे वाटाघाटीचे हक्क कापले. बहुतेकांना आता मूळ पगाराखेरीज फारशा कशावर बोलता येत नाही. ज्या कायद्याने ते हक्क दिले होते तो १९७४ सालचा, म्हणजे त्यांचेच राजकीय वडीलधारे रॉबर्ट रे यांच्या काळातला. दोन्ही सभागृहं आपल्या पक्षाकडे आली की तोच माणूस किती वेगळा वागतो, ते इथे कळतं. पहिल्या पर्वातला मवाळपणा स्वभावाचा किती आणि विरोधी बहुमतामुळे आलेला किती, हा प्रश्न मला तरी पडतो.

### आणि या सगळ्यात चीन कुठून आला?

१९८३ साली आयोवा आणि चीनचा हबेई प्रांत यांनी भगिनी-राज्याचं नातं जोडलं. १९८५ साली हबेईतून शेती पाहायला एक शिष्टमंडळ आलं. त्यात एका तालुक्याचे एकतीस वर्षांचे पक्षसचिव होते. मस्कटीन गावात ते एका कुटुंबाकडे राहिले, बाहेर शिकायला गेलेल्या मुलांच्या खोलीत. गव्हर्नरांनाही भेटले. त्या पाहुण्याचं नाव शी जिनपिंग. २०१२ साली उपाध्यक्ष म्हणून अमेरिकेत आले तेव्हा ते आठवणीने मस्कटीनला गेले, आणि त्याच दौऱ्यात सुमारे ४३० कोटी डॉलरच्या सोयाबीन खरेदीचे करार डे मॉइनमध्ये झाले.

या ओळखीमुळेच ट्रम्प यांनी ब्रॅन्स्टॅड यांना चीनमध्ये राजदूत नेमलं. सिनेटने ८२ विरुद्ध १३ मतांनी मंजुरी दिली आणि २४ मे २०१७ रोजी त्यांनी गव्हर्नरपद सोडलं. पण मैत्रीला मर्यादा असतात. २०१८ साली व्यापारयुद्ध पेटलं आणि चीनने अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के कर लावला. फटका कुणाला? आयोवाच्याच शेतकऱ्याला. २०२० साली तर चीनच्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने राजदूतांचा लेख छापायलाही नकार दिला. त्याच शरदात ते घरी परतले.

### 'लोकांनीच निवडलं, मग तक्रार कसली?'

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. निवडणुका खुल्या होत्या आणि ब्रॅन्स्टॅड एकही हरले नाहीत. १९९४ साली तर स्वपक्षातच, अभिनेते असलेले खासदार फ्रेड ग्रँडी यांनी त्यांना जवळजवळ पाडलं होतं, तिथे ते जेमतेम वाचले. म्हणजे खुर्ची आंदण मिळालेली नव्हती.

त्यांचा शब्द पक्षात शेवटचा होता असंही नाही. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी उघड सांगितलं की पेट्रोलमध्ये मक्यापासूनचं इथेनॉल मिसळण्याच्या सक्तीला विरोध करणारे, रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे टेड क्रूझ आयोवात हरले पाहिजेत. त्यांचा मुलगा तेव्हा इथेनॉलच्या बाजूने मोहीम चालवत होता, हेही इथे नोंदवायला हवं. महिनाही उलटला नाही तोच आयोवातल्या पक्षांतर्गत मतदानात क्रूझच पहिले आले.

मतदारांना गव्हर्नर बदलता येतो. त्याने नेमलेली माणसं मात्र तितक्या सहज बदलता येत नाहीत, आणि मुदतीची मर्यादा मागणाऱ्यांचा खरा मुद्दा हाच आहे. ब्रॅन्स्टॅड गेल्यावर त्यांच्या उपगव्हर्नर किम रेनॉल्ड्स निवडणुकीविना गव्हर्नर झाल्या, मग २०१८ आणि २०२२ साली निवडूनही आल्या. रेनॉल्ड्स यांना आपला उपगव्हर्नर नेमता येईल का, यावर राज्याचे निवडून आलेले महान्यायवादी टॉम मिलर यांनी तेव्हा 'नाही' असं मत दिलं होतं. मिलर डेमोक्रॅट, आणि तेही १९७९ पासून, मधली चार वर्षं सोडली तर, त्याच पदावर. त्यांना २०२२ साली हरवणाऱ्या ब्रेना बर्ड या ब्रॅन्स्टॅड यांच्या दुसऱ्या पर्वात त्यांच्याच कार्यालयाच्या कायदा सल्लागार होत्या.